सायकोपॅथी आणि सोशिओपॅथी: भावना कळतात, मग भिडत का नाहीत? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

एखाद्याच्या बोटावर दार आपटलेलं नुसतं बघितलं तरी आपला हात आपोआप मागे येतो. लागलेलं असतं त्याला, कळ जाते आपल्याला. ही आपसूक येणारी कळ फारच क्षीण असेल तर माणसाचं काय होतं, या एका गोष्टीभोवती खालचे बहुतेक प्रश्न फिरतात.

सायकोपॅथी म्हणजे वेड का?

नाही. छिन्नमनस्कतेसारख्या (स्किझोफ्रेनिया) आजारात भास होतात, नसलेला कट खरा वाटू लागतो, वास्तवाशी नातं सुटतं. त्या अवस्थेला सायकोसिस म्हणतात. सायकोपॅथीत यातलं काहीच नसतं. माणूस भानावर असतो, बोलणं मुद्देसूद असतं, आपण करतोय तो गुन्हा आहे हेही त्याला ठाऊक असतं. फ्रेंच डॉक्टर फिलिप पिनेल यांना १८०१ सालीच हे कोडं पडलं होतं: बुद्धी शाबूत, पण वागणं बेफाम. अशा रुग्णांसाठी त्यांनी 'भ्रमाविना उन्माद' अशा अर्थाचा शब्द वापरला. आज 'सायको' हा शब्द शिवीसारखा सगळ्यांनाच लावला जातो आणि त्याचा चटका छिन्नमनस्कतेच्या रुग्णांना बसतो. त्यांचा या विषयाशी काही संबंध नाही.

सायकोपॅथ आणि सोशिओपॅथ यांत नेमका फरक काय?

आधी हे सांगायला हवं की हे दोन्ही शब्द आज अधिकृत निदान म्हणून वापरले जात नाहीत. 'सोशिओपॅथ' हा शब्द १९३० च्या सुमारास रुळला, १९५२ च्या अमेरिकी निदानपुस्तिकेत तो आला आणि १९६८ च्या आवृत्तीत गेला. 'सायकोपॅथी' संशोधनात आणि गुन्हेगारांच्या मानसशास्त्रीय तपासणीत टिकून आहे.

तरीही दोन शब्द वेगळे ठेवण्यात अर्थ आहे. डेव्हिड लिकन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी केलेली विभागणी सोपी आहे. सायकोपॅथीत स्वभावाची घडणच वेगळी असते. भीती आणि अपराधभाव पहिल्यापासून मंद. सोशिओपॅथीत मूळ स्वभाव चारचौघांसारखा असू शकतो, पण मारहाण, दुर्लक्ष, बेशिस्त घर, गुन्हेगारी संगत यांत सदसद्विवेक घडतच नाही किंवा घडलेला झिजून जातो. संशोधक याच अर्थाच्या जवळपास 'प्राथमिक' आणि 'दुय्यम' सायकोपॅथी असे शब्द वापरतात. ती विभागणी १९४० च्या दशकात बेंजामिन कार्पमन यांनी मांडली.

दोन माणसांनी सख्ख्या भावाची खोटी सही करून त्याचे पैसे काढले, असं धरू. पहिला पकडला गेल्यावर शांत असतो. खुलासा तयार असतो, तो टिकला नाही तर दुसरा तयार असतो, आणि रात्री त्याला गाढ झोप लागते. दुसरा आधी आरडाओरडा करतो, सगळ्यांना दोष देतो, हातातलं काहीतरी फेकतो. त्याची झोप उडते आणि आई आजारी आहे म्हटल्यावर तो खरोखर कासावीस होतो. पैसे दोघांनीही परत केलेले नाहीत. पहिल्यात भावनेचा पुरवठाच कमी आहे. दुसऱ्यात ती भरपूर आहे, पण तिला बांध नाही आणि ती मोजक्या 'आपल्या' माणसांपुरतीच आहे.

प्रत्यक्षात अशी स्वच्छ विभागणी क्वचितच सापडते. बहुतेक माणसांत दोन्हींचं मिश्रण असतं.

मग डॉक्टर कागदावर काय लिहितात?

अमेरिकी पद्धतीत 'अँटिसोशल पर्सनॅलिटी डिसऑर्डर', मराठीत समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार. २०१३ च्या डीएसएम-५ (वर आलेल्या अमेरिकी निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती) नुसार सात लक्षणांपैकी किमान तीन हवीत: कायदा वारंवार मोडणं, फसवणूक, उतावळेपणा, चिडखोर मारामारी, स्वतःच्या वा इतरांच्या सुरक्षिततेबद्दल बेफिकिरी, नोकरी-पैशात सततचा बेजबाबदारपणा आणि पश्चात्ताप नसणं. वय किमान १८ हवं आणि १५ वर्षांच्या आधी वर्तनविकाराच्या (मुलांनी सतत नियम आणि दुसऱ्यांचे हक्क मोडणं) खुणा दिसलेल्या हव्यात.

या सातांत थेट भावनेबद्दल बोलणारं लक्षण जवळपास एकच आहे, शेवटचं. बाकी सगळी वागण्याची नोंद आहे. म्हणून एकच निदान असलेली दोन माणसं आतून दोन ध्रुवांवर असू शकतात. उपचार का फसले हे शोधताना हा मुद्दा वारंवार पुढे येतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीमध्ये, म्हणजे २०२२ पासून, वेगळा मार्ग आहे. आधी व्यक्तिमत्त्व विकाराची तीव्रता ठरवायची (सौम्य, मध्यम, तीव्र) आणि मग 'समाजविघातकता', 'संयमाचा अभाव' अशा गुणांची जोड द्यायची.

मला लोकांत मिसळायला आवडत नाही. मी अँटिसोशल आहे का?

नाही. त्याला मराठीत एकलकोंडा किंवा अबोल म्हणतात. निदानातल्या 'अँटिसोशल'चा अर्थ दुसऱ्यांचे हक्क तुडवणारा असा आहे, आणि असा माणूस अनेकदा मैफल गाजवणारा असतो.

अशा लोकांना भावनाच नसतात, हे खरं का?

नाही, आणि याच गैरसमजामुळे सगळ्यात जास्त माणसं फसतात. 'त्याला एवढा राग येतो, एवढा आनंद होतो, म्हणजे तो तसा नाही' असा निष्कर्ष ती काढतात. सायकोपॅथीत भावनांचा पट असमान असतो. राग असतो, आणि हवं ते मिळालं नाही की तो झटकन येतो. उत्तेजना, जिंकल्याचा आनंद, तुच्छता, मत्सर, कंटाळा हेही असतं; कंटाळा तर फारच. स्वतःचं नुकसान झालं की वाईट वाटतं. मंद असतात त्या भीती, अपराधभाव, शरम, दुसऱ्याच्या दुःखाने होणारी कालवाकालव आणि सावकाश मुरणारी जवळीक.

दुसरी खूण म्हणजे भावनेचा टिकाऊपणा. सायंकाळी जोराचं भांडण, सकाळी 'चहा घेणार का?' असा निवांत प्रश्न. समोरचा रात्रभर जागलेला असतो आणि याला खरोखरच कळत नाही की एवढं काय झालं.

दुसऱ्याच्या भावना त्यांना कळत नाहीत, तर ते इतके नेमके वर्मावर बोट कसं ठेवतात?

कारण कळणं आणि भिडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समानुभूतीचे दोन भाग असतात. बौद्धिक भाग सांगतो की समोरच्याला आता काय वाटत असेल. भावनिक भागामुळे ते आपल्याही पोटात कुठेतरी हलतं. सायकोपॅथीत पहिला बहुधा शाबूत असतो, दुसरा अशक्त. ज्याला तुमची भीती वाचता येते पण तुमच्या भीतीने ज्याचं काही अडत नाही, त्याच्या हातात ती माहिती हत्यार होते.

स्वमग्नतेत म्हणजे ऑटिझममध्ये चित्र बरंचसं उलट दिसतं. समोरच्याच्या मनात काय चाललंय हे ताडायला जड जातं, पण ते समजल्यावर त्याच्या दुःखाचा त्रास होतो. स्वमग्न माणसाच्या कोरड्या चेहऱ्यावरून त्याला निर्दय ठरवणं हा मोठा अन्याय आहे.

एक बारीक अपवाद: चेहऱ्यावरची भीती आणि दुःख ओळखण्यात सायकोपॅथीचे गुण असलेले लोक सरासरीने मागे पडतात. भीतीची खूण प्रामुख्याने डोळ्यांत असते. पापण्या ताणल्या जातात, बुबुळाच्या वरचं पांढरं दिसू लागतं. ऑस्ट्रेलियातल्या मार्क डॅड्स यांच्या गटाने असे गुण असलेल्या मुलांना फक्त 'डोळ्यांकडे बघ' एवढं सांगितलं, तेव्हा भीती ओळखण्यातली त्यांची उणीव भरून निघाली. म्हणजे काही अंशी प्रश्न लक्ष कुठे जातं याचाही आहे.

त्यांना भीती वाटत नाही हे कशावरून ठरवलं?

दोन जुने प्रयोग सांगण्यासारखे आहेत. १९५७ मध्ये लिकन यांनी खटक्यांचं एक कोडं बनवलं. प्रत्येक टप्प्यावर चार खटके. एक बरोबर, तीन चूक, आणि चुकीच्यांपैकी एक दाबला तर विजेचा सौम्य धक्का. कोडं सोडवायला सायकोपॅथीचे गुण असलेले लोक इतरांइतक्याच वेगाने शिकले. धक्क्याचा खटका टाळायला मात्र शिकले नाहीत. बुद्धी चालत होती, पण 'पुन्हा दुखेल' ही हुरहुर हात मागे खेचत नव्हती.

दुसरा १९९३ चा, ख्रिस्तोफर पॅट्रिक आणि सहकाऱ्यांचा. अचानक कर्कश आवाज झाला की आपण डोळे मिचकावतो. त्या क्षणी समोर भयंकर चित्र असेल तर मिचकावणं अधिक जोरात होतं, कारण शरीर आधीच बचावाच्या तयारीत असतं. सायकोपॅथीचे गुण जास्त असलेल्या कैद्यांत ही वाढ दिसली नाही. चित्र वाईट आहे हे तेही सांगत होते. पापणीला मात्र त्याचा पत्ता नव्हता.

पुढे जोसेफ न्यूमन या संशोधकांच्या गटाने यात भर घातली. धोक्याच्या खुणेकडेच लक्ष द्यायला सांगितलं, तर अशा लोकांत भीतीची प्रतिक्रिया जवळपास नेहमीसारखी येते. दुसऱ्या कामात डोकं घातलं की ती नाहीशी होते. आपल्याला आजूबाजूचं दुःख न बोलावता टोचतं. त्यांच्या बाबतीत लक्ष्यावर नजर गेली की कडेचं सगळं अंधारात जातं.

मेंदूत नक्की काय बिघडलेलं असतं?

सर्वाधिक चर्चा अमिग्डला (भीतीचं शिक्षण देणारा, बदामाएवढा भाग) आणि कपाळामागच्या मेंदूचा खालचा-मधला भाग यांची होते. या दोन्हींत आणि त्यांच्या जोडणीत गटागटांच्या सरासरीत फरक दिसतो. एका माणसाचं स्कॅन बघून 'हा सायकोपॅथ' असं सांगता येत नाही, कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये.

२०१३ मध्ये नेदरलँड्समध्ये झालेला अभ्यास मला या सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. एका हाताला दुसऱ्याने इजा केल्याची दृश्यं दाखवली, तेव्हा सायकोपॅथी असलेल्या गुन्हेगारांच्या मेंदूत प्रतिसाद कमी होता. नंतर 'त्या माणसाला काय वाटतंय ते स्वतः अनुभवायचा प्रयत्न करा' असं सांगितलं, आणि फरक बराच कमी झाला. क्षमता अगदीच गेलेली नाही. ती आपोआप सुरू होत नाही.

एक सावधगिरी. आयुष्यभर सरळ वागलेला माणूस पन्नाशीत अचानक बेफिकीर, निष्ठुर, बीभत्स वागू लागला तर तो 'आता खरा रंग दिसला' असा प्रकार नसतो. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया (स्वभाव आणि वागणं बदलणारा एक स्मृतिभ्रंश), मेंदूतली गाठ किंवा डोक्याला झालेली इजा असू शकते. आधी मेंदूविकारतज्ज्ञ गाठा. व्यक्तिमत्त्व विकार पन्नाशीत उगवत नाही.

ते रडतात, माफी मागतात. ते सगळं नाटक असतं का?

दरवेळी नाही. पकडलं गेल्याचं, बायको निघून गेल्याचं, पद गेल्याचं दुःख खरं असतं. ते स्वतःसाठी असतं एवढंच. म्हणून अश्रू खरे की मगरीचे हे ओळखण्यात शक्ती घालवू नये. माफीचे शब्द तपासावेत.

'तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी' या वाक्यात काय केलं ते नाही. दोष तुमच्या वाटण्यात आहे. 'मी तुझ्या खात्यातून पैसे काढले, तुझा हप्ता चुकला, मी शुक्रवारी निम्मे परत करतो' यात कृती आहे, नुकसान आहे, भरपाई आहे आणि वार आहे. शुक्रवारी काय झालं ते बघायचं. दुसऱ्या प्रकारची माफीही खोटी असू शकते, पण ती शुक्रवारी उघडी पडते. पहिली कधीच उघडी पडत नाही.

हे जन्मजात असतं की घडवलं जातं?

दोन्ही. ब्रिटनमधल्या सात वर्षांच्या जुळ्यांवरच्या २००५ च्या अभ्यासात, भावनाशून्य-निष्ठुर गुणांच्या वरच्या टोकाला असलेल्या मुलांत आनुवंशिकतेचा वाटा ६७ टक्के निघाला. याचा अर्थ एखाद्या मुलाचा ६७ टक्के स्वभाव जनुकांनी ठरवला असा होत नाही. मुलामुलांतल्या फरकामागचा तो वाटा आहे. आणि जनुकं म्हणजे शिक्का नव्हे. २०१६ च्या एका अभ्यासात, जन्मदात्या आईकडून धोका घेऊन आलेल्या दत्तक मुलांत दत्तक आईच्या कौतुकाने आणि प्रोत्साहनाने तो धोका बोथट झालेला दिसला. मारझोड आणि निष्ठुरपणा यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे.

माझ्या मुलाला शिक्षेचा काहीच परिणाम होत नाही. काळजी करावी का?

'सायकोपॅथ' हा शब्द मुलांना लावत नाहीत. वर्तनविकार असलेल्या मुलांत चार गोष्टी पाहतात: पश्चात्ताप नसणं, दुसऱ्याच्या दुःखाची पर्वा नसणं, अभ्यास-खेळातल्या कामगिरीची फिकीर नसणं, भावना उथळ असणं. यातल्या किमान दोन, किमान १२ महिने, आणि घर-शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसायला हव्यात. एका शिक्षकाशी उद्धटपणा म्हणजे हे नव्हे.

शिक्षा का चालत नाही? कारण शिक्षेचा अर्धा परिणाम तिच्या भीतीने होतो, आणि भीतीच मंद आहे. डेव्हिड हॉज आणि डॅड्स यांनी ४ ते ८ वर्षांच्या मुलग्यांवर पालक-प्रशिक्षण वापरून पाहिलं. निष्ठुर गुण असलेल्या मुलांवर बक्षिसाचा भाग इतरांइतकाच लागू पडला, कोपऱ्यात बसवण्याची शिक्षा मात्र नाही. तेव्हा:

कौतुक लगेच करा, काही सेकंदांत, आणि नेमकं: 'बहिणीला खेळणं परत दिलंस, छान केलंस.' 'शहाणा बाळ' याचा उपयोग नाही. बक्षीस लहान आणि रोजचं ठेवा. महिन्याअखेरीची सायकल फार लांब असते. शिक्षा द्यावीच लागली तर ती छोटी, शांत आवाजात आणि दरवेळी सारखी. चिडून दिलेली शिक्षा त्याला करमणूक वाटू शकते. बोलताना डोळ्यांच्या पातळीवर या आणि नजरेला नजर मिळवा. प्राण्यांना छळणं, आग लावणं, लहान भावंडाला दुखापत करणं यातलं काही असेल तर वाट न पाहता बाल-मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, आणि तोवर लहान भावंडाला त्याच्याजवळ एकटं ठेवू नका.

असे किती लोक असतात? सगळे खुनी असतात का?

२०२१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला सर्वसाधारण लोकसंख्येतला आकडा सर्व चाचण्यांचा मिळून ४.५ टक्के आहे, पण सर्वात काटेकोर चाचणी (खाली आलेली पीसीएल-आर) धरली तर १.२ टक्के. कैद्यांमध्ये प्रमाण कितीतरी जास्त. तरी बहुसंख्य लोक खुनी नसतात. त्यांच्यामागे राहतात ती थकलेली कर्जं, सोडलेली नाती आणि बदनाम झालेले सहकारी.

तपासणी कशी होते? ऑनलाइन चाचणी चालेल का?

कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांची पीसीएल-आर ही चाचणी १९९१ ची, सुधारित आवृत्ती २००३ ची. २० बाबी, प्रत्येकीला ०, १ किंवा २ गुण, एकूण ४०. उत्तर अमेरिकेत ३० ही सीमा धरतात, युरोपात अनेक ठिकाणी २५. प्रशिक्षित तज्ज्ञ मुलाखत घेतात आणि पोलिस, शाळा, नोकरी, दवाखाना यांच्या नोंदी वाचतात. नोंदी नसतील तर केवळ मुलाखतीवर गुण देऊ नयेत असा नियम आहे. कारण उघड आहे: ज्याचं मुख्य लक्षण सफाईदार खोटं बोलणं, त्याच्या तोंडच्या माहितीवर निदान कसं करणार?

ऑनलाइन प्रश्नावलीत हीच अडचण उरते. त्यातून 'मी तसा आहे का' या काळजीने रात्र जागणारेच जास्त घाबरतात. भावना बधिर होण्याची कारणं इतर अनेक आहेत: नैराश्य, मोठा आघात, काही नैराश्यविरोधी गोळ्या. 'मी कुणाला इजा करीन की काय' असे विचार येऊन अंगावर काटा येत असेल तर तो ओसीडीचा (नको असलेले विचार पुन्हा पुन्हा येण्याचा विकार) प्रकार असण्याची शक्यता अधिक. सायकोपॅथीत काटा येत नाही. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

उपचाराने बदल होतो का?

यासाठी मान्यता मिळालेलं औषध नाही. ब्रिटनच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकारासाठी औषधं सरसकट देऊ नयेत. सोबत नैराश्य किंवा व्यसन असेल तर त्याचे उपचार जरूर करावेत.

समुपदेशन चुकीच्या पद्धतीने केलं तर उलटतं. कॅनडातल्या एका सुरक्षित रुग्णालयात रुग्णांनीच चालवलेल्या, भावना मोकळ्या करण्यावर भर देणाऱ्या गटांचा पाठपुरावा १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गेलेल्या सायकोपॅथीच्या रुग्णांनी, न गेलेल्यांपेक्षा जास्त हिंसक गुन्हे केले. संशोधकांचा तर्क असा की त्यांनी भावनांची भाषा शिकली आणि ती लोकांवर वापरली.

याउलट अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मेंडोटा केंद्रात १९९५ पासून हिंसक किशोरांसोबत दुसरा मार्ग वापरला जातो. आजच्या वागण्याचे गुण मोजायचे, त्यावर उद्याच्या सवलती ठरवायच्या. पश्चात्ताप मागायचा नाही. शिक्षा वाढवत नेल्याने मुलगा आणखी पेटतो, म्हणून ती साखळी तोडायची. तिथून गेलेल्या मुलांचे हिंसक गुन्हे तुलनेच्या गटापेक्षा लक्षणीय कमी निघाले. भीतीचं इंजिन मंद असेल तर बक्षिसाचं वापरायचं, हेच घरातल्या लहान मुलाच्या बाबतीतही वर आलं आहे.

अशी व्यक्ती घरात किंवा ऑफिसात असेल तर काय करावं?

निदानाची वाट पाहू नका आणि तोंडावर 'तू सायकोपॅथ आहेस' म्हणू नका. त्याने फक्त भांडणाला विषय मिळतो. 'तुला काहीच कसं वाटत नाही?' हेही सोडा. उत्तर तुम्हाला माहीत आहे.

भावनेला हाक मारण्याऐवजी परिणाम सांगा, आणि पाळता येतील तेवढेच सांगा. ऑफिसात तोंडी ठरलेलं त्याच दिवशी ईमेलने पक्कं करा, दोन-तीन ओळींत. एकट्याने बैठक टाळा. तुमच्या घरातली दुखणी, जुनी चूक, भीती त्यांच्यापाशी मोकळी करू नका. पैशाच्या बाबतीत जामीन राहू नका, कोऱ्या चेकवर सही करू नका, संयुक्त खातं असेल तर व्यवहाराचे मेसेज स्वतःच्या फोनवर सुरू ठेवा. घडलेलं तारीख-वेळेसह लिहून ठेवा, त्यांच्या हाती न लागणाऱ्या जागी. 'तुझ्या लक्षात नाही, असं झालंच नव्हतं' हे वारंवार ऐकल्यावर स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास उडतो, तेव्हा ही वही फार कामी येते.

मारहाण किंवा धमकी असेल तर दोघांनी मिळून समुपदेशनाला जाऊ नका. तिथे खरं बोललं की त्याची किंमत घरी मोजावी लागते. वेगळं व्हायचं असेल तर ते भांडणात जाहीर करू नका. निघण्याचा काळ हाच सर्वात धोक्याचा असतो. ओळखपत्रं, मुलांचे दाखले, बँकेची कागदपत्रं यांच्या प्रती, थोडी रोकड आणि नेहमीची औषधं आधीच विश्वासातल्या माणसाकडे ठेवा. फोनमधलं लोकेशन शेअरिंग कुणाकुणाला सुरू आहे ते तपासा, पण ते निघण्याच्या दिवशीच बंद करा. आधी बंद केलंत तर तेवढ्यावरूनच सुगावा लागतो.